धावांचा पूर आला, पण करंडक हुकला!

क्रिकेटमध्ये एखाद्या संघाला धावांचे डोंगर रचूनही रिकाम्या हाती परतावं लागतं. महाराष्ट्राच्या रणजी संघाचा 1948-49चा मोसम नेमका असाच गेला.

डिसेंबर 1948. पुण्यात महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी पडली. काठियावाडचा डाव 238 धावांत आटोपला. मग मैदानात उतरले भाऊसाहेब निंबाळकर. मूळचे कोल्हापूरचे, वय जेमतेम 29. कमल भांडारकरांना साथीला घेऊन त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 धावा जोडल्या. भांडारकर 205 धावांवर बाद झाले, पण निंबाळकर थांबायला तयार नव्हते. 494 मिनिटं म्हणजे सव्वाआठ तास खेळपट्टीवर उभं राहून त्यांनी 443 धावा केल्या. त्यात 49 चौकार आणि एक षटकार! महाराष्ट्राचा धावफलक होता 4 बाद 826.

त्या वेळी प्रथम श्रेणी क्रिकेटमधला विश्वविक्रम होता डॉन ब्रॅडमन यांचा, 1930 साली केलेल्या नाबाद 452 धावांचा. बरोबरीला फक्त नऊ धावा हव्या होत्या. दोन-तीन षटकांचं काम! पण विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी सामनाच सोडून दिला. असा विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जावा, हे त्यांना नको होतं असं सांगतात. खेळाडू मैदानात परतलेच नाहीत.

महाराष्ट्राने मजल मारली ती उपांत्य फेरीपर्यंत. मार्च 1949मध्ये पुण्यातच मुंबईशी सामना झाला. मुंबईने 651 धावा ठोकल्या, त्यात माधव मंत्रींचं द्विशतक. महाराष्ट्राचं उत्तर 407. तरी फॉलोऑन न देता मुंबईने पुन्हा फलंदाजी केली आणि 8 बाद 714वर डाव सोडला. विजयासाठी हव्या होत्या 959 धावा! महाराष्ट्राने तरीही 604पर्यंत झुंज दिली. मधुसूदन रेगे यांनी दोन्ही डावांत शतकं झळकावली. मुंबईकडून हाच पराक्रम उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांनी केला. फडकरही जन्माने कोल्हापूरचेच! एकूण धावा 2,376, शतकं नऊ. एवढ्या धावांचा प्रथम श्रेणी सामना त्याआधी झाला नव्हता. महाराष्ट्र 354 धावांनी हरला, मुंबईने पुढे बडोद्याला नमवून करंडक नेला.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात पाच कसोटी खेळला. निंबाळकरांना संधी मिळाली नाही. पुढेही अधिकृत कसोटीची टोपी त्यांच्या डोक्यावर कधी चढली नाही. ब्रॅडमन यांचा विक्रम 1959मध्ये हनीफ मोहम्मद यांनी मोडला, त्यांचा 1994मध्ये ब्रायन लारा यांनी.

डिसेंबर 2012मध्ये निंबाळकरांचं निधन झालं. त्यांच्या 443 धावांपर्यंत मात्र प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दुसरा एकही भारतीय फलंदाज अजून पोहोचलेला नाही. आणि त्या आकड्यापुढे आजही लिहिलं जातं: नाबाद.