साडेचार किलो पुट्टी

सावंगी (मेघे)त रुग्णवाहिकांचे भोंगे दिवसभर चालूच असतात. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाकडे धावणाऱ्या त्या रहदारीपासून जरा आत, एका टिनाच्या शेडखाली जुनी एस्टीम ठोकळ्यांवर चढवलेली आहे. चाकं नाहीत, काचा नाहीत, सीट एकच. पाटीवरचं 'एमएच ३२' तेवढं वाचता येतं. अभियांत्रिकीच्या तिघा पोरांना ती ऑटोक्रॉसला उतरवायची आहे. बघणारा येतो इंजिनाच्या गप्पा ऐकायला आणि बसून राहतो डेंटरपाशी.

पहिल्याच दिवशी डेंटरनं दाराखालच्या सिलवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वर रंग चकचकीत, खाली पत्रा जवळजवळ नाहीच. कुणीतरी कधीतरी विकण्याआधी गंज झाकायला पुट्टी लिंपली होती. ती त्यानं छिन्नीनं सोलून पोत्यात भरली आणि शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. साडेचार किलो.

तसं पाहिलं तर एस्टीम ही काही स्पोर्ट्स कार नव्हे. आपल्याकडे त्या नावाला शोभेल अशी दोन सीटची सॅन स्टॉर्म १९९८ साली आली. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. पण वर्ध्यात ती कुणाच्या दारात असणार? एस्टीम मात्र गल्लोगल्ली होती. १२९८ सीसीचं इंजिन, वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास, पुढच्या मॉडेलांत ८५ अश्वशक्ती. राष्ट्रीय रॅलींत ती वर्षानुवर्षं पळाली, त्यामुळे तिच्या खोडी मेकॅनिकांना पाठ आहेत. शिवाय पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. दारात नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीवर एवढा खर्च कोण करतो? मग ती भंगाराच्या भावात पोरांच्या हाती लागते.

ऑटोक्रॉसमध्ये शर्यत घड्याळाशी असते. एका वेळी बहुधा एकच गाडी सुटते. अमेरिकेत मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडतात आणि एक पाडला की वेळेत दोन सेकंद वाढवतात. आपल्याकडे बहुतेकदा माती असते. सरळ रस्ता जेमतेम, सगळा खेळ वळणांचा. म्हणूनच सिलचं एवढं महत्त्व. ती कुजली की गाडीचा सांगाडा दोर सैल पडलेल्या बाजेसारखा पिळतो. मग नवे शॉकअप टाका नाहीतर बुश बदला, अलाइनमेंट काही टिकत नाही.

मागची सीट, एसी, गालिचे एका दुपारीत निघाले. पत्र्याचं काम तसं उरकत नाही. आधी बॅटरी सोडवायची, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची, चांगला पत्रा लागेपर्यंत गंज कापत जायचं. कागदाचा नमुना काढून अठरा गेजचा तुकडा बेतायचा. मग सीओटू वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे. सलग ओढत नेलं तर पत्रा तापून वाकतो. वर्ध्याच्या मे महिन्यात तो आधीच हाताला चटके देतो, म्हणून काम सकाळी दहापर्यंतच. तळाचा जुना डांबरी लेप जळतो आणि त्याचा कडवट वास शर्टात घरापर्यंत येतो.

पोरांच्या वहीत स्पॉयलर आहे, मोठ्या आवाजाचा सायलेन्सरही आहे. डेंटर त्यावर काही बोलत नाही, फक्त पोत्याकडे बोट दाखवतो. साडेचार किलो. स्वस्तातल्या शर्यतीची हौस जगभर आहे. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स'मध्ये गाडीला ५०० डॉलरची मर्यादा घातली, पण सुरक्षेचं सामान त्या हिशेबातून वगळलं. शहाणपणाचा नियम. इथेही रोलकेज, पट्टे आणि हेल्मेट यांच्यापुढे स्पॉयलर खोडला जावा, हे उघड आहे. वहीत तो अजून आहे.

पहिल्या आठवड्यात एका बाजूला जॅक लावला की दार चौकटीत अडकायचं. दोन्ही सिल जोडून, वेल्डवर रेडॉक्साइड मारून झाल्यावर डेंटरनं जॅक पुन्हा त्याच जागी लावला. गाडी तिरकी उचलली गेली. त्यानं दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग पोरांपैकी एकाला हाक मारून हँडल त्याच्या हाती दिलं.