उधारीची वही संगणकात

ऊसपट्ट्यात गिऱ्हाइकाची उधारी उसाच्या बिलाची वाट पाहते, हे कळंबच्या दुकानदाराला सांगायला नको. तोवर हिशेब वहीत राहतो, आणि वाद होतो तो खोडलेल्या आकड्यावरून.

हा हिशेब 'एसक्यूलाइट' या विनामूल्य डेटाबेसमध्ये ठेवता येतो. २००० साली आलेल्या या डेटाबेसची सारी वही एकाच फाइलमध्ये मावते. प्रोग्राम 'हॅस्केल'सारख्या फंक्शनल भाषेत लिहून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. १९९० साली जाहीर झालेल्या या भाषेत एकदा दिलेली किंमत बदलत नाही, जुनीवरून नवी काढतात. आपली रोजकीर्द तरी वेगळी काय आहे? चूक झाली तर खोडायचे नाही, उलट नोंद घालायची.

दोन तक्ते पुरेत. एकात खाते क्रमांक व नाव. गावात एकाच नावाचे चार शेख निघतात, म्हणून क्रमांक हवाच! दुसऱ्यात तारीख, खाते क्रमांक व रक्कम. उधारी अधिक, जमा उणे. रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यात लिहावी, म्हणजे दशांशाचा घोळ होत नाही. बाकीचा रकाना ठेवूच नये. 'सिलेक्ट'ने खातेवार 'सम' विचारला की बाकी हजर.

विचारणा करताना गिऱ्हाइकाचे नाव आज्ञेत थेट जोडू नये. तेथे प्रश्नचिन्ह ठेवून नाव वेगळे द्यावे. नाहीतर नावातले एखादे अवतरणचिन्हही आज्ञा बिघडवते. एका बिलाच्या सर्व नोंदी एकाच 'ट्रॅन्झॅक्शन'मध्ये बांधाव्यात. मध्येच वीज गेली तर सगळ्या राहतात किंवा एकही राहत नाही.

रात्री प्रोग्राम बंद करून फाइलची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि तो ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा.