बाजार म्हणजे भांडवलशाही नव्हे

जिथे खरेदी-विक्री चालते आणि कुणीतरी नफा कमावतो, तिथे भांडवलशाही आहे असे सर्रास धरले जाते. मग सातवाहनांचा काळही भांडवलशाहीचाच म्हणावा लागेल. तेव्हाही पैठण आणि तेरचा माल भडोच बंदरातून समुद्रापार जात होता. व्यापार, सावकारी, हुंडी, दलाली हे सगळे फार जुने आहे. भांडवलशाहीचे वेगळेपण बाजारात नसून उत्पादनात आहे. साधने एकाच्या मालकीची, ती चालवणारे हात दुसऱ्याचे आणि मजुरीवर घेतलेले. माल विकण्यासाठीच बनवायचा आणि आलेल्या नफ्यातून पुन्हा भांडवल वाढवायचे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली तेव्हा हे चित्र आपल्याकडे स्पष्ट दिसू लागले. पैसा व्यापाऱ्यांचा होता आणि त्यांनी चाती हातात धरण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडून आले. त्यांतल्या अनेकांची गावी थोडी जमीन होती, पेरणीला ते परतत, मग त्यांना निव्वळ मजूर कसे म्हणायचे, असा आक्षेप घेतला जातो. पण त्या तुकड्यावर घर चालत नव्हते म्हणून तर मुंबई गाठावी लागली. शिवाय म्हातारी माणसे आणि पोरे गावीच पोसली जात असल्याने गिरणीला मजुरी कमी ठेवणे परवडले. गावाचा हा आधार भांडवलाच्या आड आला नाही, उलट पथ्यावर पडला.

दुसरा समज असा की सरकार जितके दूर, तितकी भांडवलशाही अस्सल. कंपनी बुडाली तर भागधारकाचे फक्त भागाचे पैसे जावेत, घरदार जाऊ नये, ही सोय निसर्गाने दिलेली नाही. हिंदुस्थानात ती १८५७ च्या कायद्याने आली. मालकीची नोंद, कराराची अंमलबजावणी, कोर्ट ही सगळी सरकारचीच कामे. यावर कुणी म्हणेल, १८९६ मध्ये लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली इथल्या गिरणी-कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तो हस्तक्षेप नव्हता का? होताच, आणि अन्यायाचाही होता. पण त्यातून दिसते ते एवढेच की सरकार कायम मैदानात असते. भांडायचे ते कोणाच्या बाजूने यावर.

नफा हा जोखमीचा मोबदला असतो, हे तिसरे विधान अर्धे खरे आहे. भागधारक जोखीम घेत असे, यात वाद नाही. परंतु मुंबईच्या अनेक गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे आणि सुरुवातीच्या काळात त्यांचे कमिशन नफ्यावर नव्हे, तयार झालेल्या सुतावर ठरलेले असे: पौंडामागे पाव आणा. सूत तोट्यात विकले गेले तरी तो पाव आणा चुकत नसे, म्हणून मंदीतही गिरणी चालू ठेवण्यात एजंटाचा फायदाच होता.