कर्णधारच झाला तिसरा पंच!

दोस्तांनो, ती खूण आता तुम्हाला पाठच असेल. पंचांचं बोट वर जातं, फलंदाज हातांनी इंग्रजी 'टी' करून दाखवतो आणि सगळे मोठ्या पडद्याकडे बघत बसतात. खूण करायला मिळतात फक्त १५ सेकंद! कसोटीत ही सोय प्रथम वापरली ती २००८ साली, भारत-श्रीलंका मालिकेत.

पण त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर एक निर्णय फिरला होता. तोही यंत्राशिवाय!

फेब्रुवारी १९८०. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, समोर इंग्लंड. (त्यात खग्रास सूर्यग्रहण आलं, म्हणून दुसऱ्या दिवशी चक्क सुट्टी दिली होती!) भारताच्या झाल्या २४२ धावा. उत्तरादाखल इंग्लंडचे ५८ धावांतच पाच गडी तंबूत परतले. मैदानात होते इयान बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर. आता एक गडी पडला, की सामना आपल्या खिशात!

आणि तसंच झालं. कपिल देवचा चेंडू किरमाणीच्या हातात विसावला, जोरदार अपील झालं, पंच हनुमंतरावांनी बोट वर केलं. टेलर मात्र घुटमळला. बॅट लागलीच नाही, असं त्याचं म्हणणं.

आपला कर्णधार होता गुंडप्पा विश्वनाथ. तो उभा होता स्लिपमध्ये, म्हणजे अगदी जवळ. त्यालाही वाटलं, बॅट लागलेली नाही. मग काय, तो सरळ पंचांकडे गेला आणि अपील मागे घेतलं! पंचांच्या संमतीने कर्णधाराला तसं करता येतं, बरं का. टेलर परतला.

पुढे? बोथम-टेलर जोडीने १७१ धावा जोडल्या. टेलरच्या ४३, बोथमच्या ११४. वर बोथमने सामन्यात १३ बळी घेतले. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी, हे पुरुषांच्या क्रिकेटमध्ये तोवर कुणालाच जमलं नव्हतं. जीवदान मिळालेल्या टेलरनेही यष्टीमागे तब्बल १० झेल टिपले, म्हणजे बघा!

इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं.

विश्वनाथ एकूण दोनच कसोटींत भारताचा कर्णधार होता. पहिली अनिर्णित राहिली. दुसरी ही.