घरात घडलेली गाणी

गाण्याचे ध्वनिमुद्रण म्हटले, की जाड भिंतींचे, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे दालन, काचेपलीकडे यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ आणि आपापली वाद्ये सरसावून बसलेले वादक असे दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतही याहून निराळे चित्र नव्हते. अशी दालने बहुधा मोठ्या कंपन्यांच्या मालकीची असत. तेथील वेळ मोजून मिळे, ठरलेल्या तासांत ठरलेली गाणी उरकावी लागत आणि चुकण्यास फारशी सवड नसे. परंतु ज्या कलावंताला स्वतःचा असा सूर शोधायचा असतो, त्याला शेकडो वेळा चुकता आले पाहिजे. लेस पॉल या गिटारवादकाने ही सवड आपल्या घरातच निर्माण केली.

लेस पॉलचा जन्म १९१५ साली विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशॉ या गावी झाला. लहानपणापासून त्याला संगीताइतकाच यंत्रांचाही नाद होता. त्याच्या आईचा एक आपोआप वाजणारा पियानो होता. छिद्रे पाडलेल्या कागदाची लांब गुंडाळी त्यात फिरे, आणि जेथे छिद्र तेथे सूर उमटे. या मुलाने त्या कागदाला आणखी छिद्रे पाडून गाण्यात आपले सूर मिसळून पाहिले! पुढे रस्त्याकाठच्या एका उपाहारगृहापुढे तो गाऊ-वाजवू लागला. मागच्या मोटारींतील मंडळींना गिटार ऐकू येत नाही अशी तक्रार आली, तेव्हा त्याने ग्रामोफोनची सुई बसविण्याचा भाग काढून गिटारच्या लाकडात खुपसला आणि तो रेडिओला जोडून दिला. साधन नसेल तर ते घरी करावे, ही त्याची वृत्ती अशी आरंभापासूनच दिसते.

मोठेपणी त्याला नाव मिळाले, बिंग क्रॉस्बीसारख्या लोकप्रिय गायकाची साथ करण्याची संधीही मिळाली. परंतु १९४६ च्या सुमारास एक लहानशी गोष्ट घडली. "काल रात्री रेडिओवर तुझे वादन ऐकले," असे त्याची आई कौतुकाने म्हणाली. त्या रात्री तर तो दुसरीकडेच वाजवीत होता! आईने ऐकला होता तो कोणी निराळा वादक होता. आपल्या आईलाही आपले वादन ओळखता येऊ नये, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली, असे तो पुढे अनेकदा सांगत असे. हॉलिवुडमधील आपल्या घराच्या मोटारखान्यात त्याने ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली आणि ऐकताक्षणी ओळखू येईल असा सूर शोधण्यासाठी तो तेथे रात्रंदिवस खपू लागला.

त्याने योजिलेली युक्ती समजून घेण्याजोगी आहे. त्या काळी ध्वनिमुद्रण तबकडीवर होत असे. मऊ लेप दिलेली तबकडी फिरू लागली, की सुई तीत आवाजाच्या कंपनांनुसार खाच कोरीत जाई. पॉलने आधी एका तबकडीवर एकट्याची गिटार मुद्रित केली. मग ती तबकडी वाजत असताना तिच्या साथीने तो दुसरे सूर वाजवू लागला आणि हे दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरले गेले. दुसरीच्या साथीने तिसरी, तिसरीच्या साथीने चौथी, याप्रमाणे एकाच माणसाचा अख्खा वाद्यवृंद उभा राहिला. काही भाग त्याने यंत्राची गती निम्मी ठेवून मुद्रित केले. असे मुद्रण नेहमीच्या गतीने वाजविले, की वादन दुप्पट द्रुत होते आणि त्याचे सूर वरच्या सप्तकात जातात. त्यामुळे गिटारचा नाद काचेच्या मण्यांसारखा किणकिणू लागला. तबकडी एकसारख्या वेगाने फिरावी म्हणून त्याने कॅडिलॅक मोटारीचे जड चाक यंत्राला बसविले होते. १९३२ सालच्या एका चित्रपटातील 'लव्हर' हे गीत त्याने असे आठ गिटारींनी सजविले आणि कॅपिटॉल कंपनीने ते १९४८ साली प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमा राज्यात बर्फाळ रस्त्यावरून त्याची मोटार घसरून खाली कोसळली. त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. हात कापावा लागेल की काय, अशी वेळ आली होती. हात वाचला, पण कोपर पुन्हा वाकणार नव्हते. तेव्हा तो कोणत्या स्थितीत कायमचा सांधावा, हा प्रश्न उभा राहिला. गिटार धरता येईल अशा कोनात तो सांधा, असे पॉलने सांगितले. पुढील जवळजवळ सहा दशके त्या न वाकणाऱ्या हाताने तो वाजवीत राहिला.

१९४९ साली क्रॉस्बीने त्याला अँपेक्स कंपनीचे फितीवर मुद्रण करणारे यंत्र भेट दिले. या यंत्रात फीत आधी जुना आवाज पुसणाऱ्या भागाजवळून आणि नंतर नवा आवाज उमटविणाऱ्या भागाजवळून सरकते. पॉलने पुसणाऱ्या भागाच्या आधी फीत वाचणारा आणखी एक भाग बसविला. त्यामुळे जुना आवाज पुसला जाण्यापूर्वीच वाचला जाई, त्यात नवे वादन मिसळे आणि दोन्ही एकत्र होऊन त्याच फितीवर पुन्हा उमटत. एकाच यंत्राने काम भागू लागले. परंतु यात एक मोठा धोका होता. पाटीवरील अक्षर पुसून त्याच जागी नवे लिहावे तसा हा प्रकार. मागचे काही शिल्लक राहत नसे. दहा थर निर्दोष उतरले आणि अकराव्यात एक सूर चुकला, तर अकराही वाया जात आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागे. शिवाय प्रत्येक वेळी जुना आवाज किंचित अस्पष्ट होई आणि फितीची खरखर वाढे. म्हणून कमी महत्त्वाचे सूर आधी आणि मुख्य गायन-वादन अगदी शेवटी, असा उलटा क्रम त्याला ठेवावा लागे. ज्याचा पाया प्रथम घालावयाचा, ते सारे गाणे आधी मनात पुरते बांधलेले असल्याखेरीज हे साधणारे नव्हते.

या कामात त्याची सोबतीण होती मेरी फोर्ड. ती उत्तम गायिका व गिटारवादक होती आणि १९४९ च्या डिसेंबरात त्या दोघांचा विवाह झाला. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी निरनिराळे सूर एकमेकांशी जुळवून गाण्याची रीत आहे. मेरी स्वतःच्याच आवाजाला स्वतः अशी साथ करी, आणि ऐकणाऱ्याला तीन-चार बहिणी एकत्र गात आहेत असे वाटे. घरी मुद्रण करावयाचे म्हणजे घराचे आवाजही आलेच. रस्त्यावरची मोटार, डोक्यावरून जाणारे विमान, दाराची घंटा यांपैकी काहीही त्या फितीवर कायमचे उमटू शके. यावर एक उपाय म्हणजे मायक्रोफोनच्या अगदी जवळ गाणे. तोंड व मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले, की गाणाऱ्याचा आवाज तेथे सुमारे दुप्पट जोराने पोहोचतो. खोलीतील इतर गलबला मात्र होता तेवढाच राहतो. त्या काळचे गायक सहसा काहीसे दूर उभे राहत. मेरी ओठ मायक्रोफोनपाशी नेऊन हळुवार गाई, त्यामुळे ती जणू ऐकणाऱ्याच्या शेजारी बसून गात आहे असा भास होई. घरची अडचण होती, तिच्यातून गाण्याची ही नवी ढब निघाली. यंत्र बरोबर नेता येत असल्याने प्रवासात मुक्कामाची खोलीही त्यांची मुद्रणशाळा होई.

दुसऱ्याने आधी गायिलेले गीत आपल्या पद्धतीने पुन्हा गाण्यास पाश्चात्त्य संगीतव्यवसायात 'कव्हर' म्हणतात. ही नुसती नक्कल नव्हे. एकच बंदिश दोन घराण्यांचे गवई गातात, तेव्हा आपण दुसऱ्याला नकल्या म्हणत नाही. 'हाउ हाय द मून' हे १९४० सालच्या एका रंगमंचीय कार्यक्रमातील गीत कितीतरी कलावंतांनी मुद्रित केलेले होते. त्यामुळे कॅपिटॉल कंपनी ते पुन्हा काढण्यास प्रथम राजी नव्हती, असे पॉल सांगे. १९५१ च्या जानेवारीत या दांपत्याने गिटार व गळा यांचे सुमारे दोन डझन थर एकमेकांवर चढवून ते मुद्रित केले. त्या वर्षी अमेरिकेतील खपाच्या यादीत ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. दोघांचीच ती गर्दी, पण ती कोणाची हे ओळखण्यास आता कोणालाही अडचण नव्हती.

पुढे हे दांपत्य न्यू जर्सी राज्यातील माहवा येथे राहावयास गेले. तेथील त्यांच्या घरातूनच त्यांचा दूरचित्रवाणीवरील छोटा कार्यक्रम चित्रित होऊ लागला. १९५७ साली पॉलने अँपेक्सकडून आठ सूर वेगवेगळे मुद्रित करणारे यंत्र करवून घेतले. त्यात एक भाग चुकला तरी बाकीचे सात सुरक्षित राहत. १९६४ साली पतिपत्नी विभक्त झाली. मेरी १९७७ साली वारली. पॉल चौऱ्याण्णव वर्षे जगला आणि २००९ साली निवर्तला.

यंत्रे पुढे लहान व स्वस्त होत गेली. १९७९ साली साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र सूर मुद्रित करणारे यंत्र बाजारात आले. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने न्यू जर्सीतील आपल्या घरी, निजावयाच्या खोलीत, साधी गिटार व माउथ ऑर्गन घेऊन अशा यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. वादकांना चाली कळाव्यात एवढाच हेतू होता, आणि ती कॅसेट काही दिवस तो वेष्टनावाचून खिशात घेऊन हिंडत होता. पण सगळा ताफा घेऊन मुद्रणशाळेत तीच गाणी बसविली, तेव्हा त्यांतील एकाकीपण हरवले. अखेर ती घरची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्या वर्षी प्रसिद्ध झाली.

आता तर एक संगणक, एक मायक्रोफोन आणि दार लावता येईल अशी खोली असली म्हणजे काम चालते. चुकलेला सूर तेवढाच काढून नवा घालता येतो. लंडनच्या जेकब कॉलियर या तरुणाने घरातील एका खोलीत सर्व वाद्ये स्वतः वाजवून आणि सर्व आवाजांत स्वतः गाऊन इतरांची गीते नव्याने रचली. त्याचा 'इन माय रूम' हा संग्रह २०१६ साली निघाला. पुढच्याच वर्षी त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि ते दोन्ही दुसऱ्यांच्या गीतांना त्याने दिलेल्या नव्या रूपांबद्दल होते.