स्वतःचं स्वतः करता येतं ना?

वृद्धाश्रमाला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न हाच येतो. आत्यासाठी मी फोन करत सुटलो तेव्हा तो इतक्यांदा ऐकला की पुढेपुढे विचारण्याआधीच उत्तर द्यायला लागलो. 'स्वतःचं' म्हणजे संडास, आंघोळ, जेवण. उत्तर 'हो' असेल तरच बोलणं अनामत रकमेपर्यंत पोचतं.

म्हणजे आपण ज्याला वृद्धाश्रम म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी चालत्या-बोलत्या म्हाताऱ्यांसाठी असतो. राहायला खोली, वेळेवर जेवण, सोबत. शुश्रूषा त्यात धरलेली नसते. सरकारी वृद्धाश्रमांचा पायाही निराधारपणा हा आहे, आजारपण नव्हे. १९९५ साली महाराष्ट्रात आलेल्या 'मातोश्री वृद्धाश्रम' योजनेत एकेका ठिकाणी १०० जणांची सोय धरली होती. २००७ च्या केंद्रीय कायद्यात जिल्ह्यागणिक निदान एक आणि किमान १५० निर्धन वृद्धांना सामावणारा आश्रम आहे. पण शासन तो स्थापन 'करू शकेल' असं कायदा म्हणतो, 'करील' असं नाही. या एका क्रियापदात बरंच काही मावतं. मुलांकडून निर्वाह मागायचा असेल, तर त्याच कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादाही त्यातच आहे.

ज्यांच्या गाठीशी पैसा आहे, त्यांच्यासाठी पुण्यात 'अथश्री'सारखे ज्येष्ठांचे गृहप्रकल्प उभे राहिले. आपला फ्लॅट, आपलं कुलूप, समवयस्क शेजार. अशा प्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. पण घर घेतलं म्हणजे अंथरुणाला खिळल्यावरची सेवाही घेतली, असं होत नाही. ती बहुधा ब्युरोतून मावशी आणून, वेगळे पैसे मोजूनच मिळते.

परदेशातला मुलगा फोनवर 'नर्सिंग होम बघ' म्हणतो, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं किंवा लहानसं इस्पितळ. नोंदणीचा १९४९ चा कायदाही त्याच अर्थाचा. त्या मुलाला अभिप्रेत असतं ते शुश्रूषा केंद्र: नाकातली नळी, कॅथेटर, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाळीपाळीने मावश्या. अशा ठिकाणी बाग आणि देऊळ बघण्यापेक्षा रात्रपाळीला किती माणसं असतात ते विचारावं. आणि खोलीत शिरल्यावर वास घ्यावा. माहितीपत्रकापेक्षा नाक जास्त सांगतं.

आत्याची गोष्ट मात्र या कुठल्याच खान्यात बसेना. ती तुरुतुरु चालायची, हाताने जेवायची. सगळ्या प्रश्नांना आम्ही खरंखुरं 'हो' म्हणालो होतो. तिसऱ्या आठवड्यात आश्रमाचा फोन आला: रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांत शिरतात, कपाटं उघडतात, घरी जायचंय म्हणून फाटकाशी उभ्या राहतात, घेऊन जा. अर्जावरचं बारीक अक्षरातलं कलम त्यांच्या बाजूने होतं. रागही कुणावर काढणार? विस्मरणाच्या आजारात शरीर ठणठणीत असतं, आणि प्रवेशाचे सगळे प्रश्न शरीराला विचारलेले असतात.

पुढे एका लहानशा केंद्रात फोन लावला. मी सवयीने सुरुवात केली, "स्वतःचं स्वतः करतात हो."

"ते असू द्या," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "रात्री किती वाजता उठतात?"