जोडे शिवणारा तत्त्वज्ञ: याकोब ब्योमे



तत्त्वज्ञ म्हटला कीं ग्रंथांनीं वेढलेला, विश्वविद्यालयांत व्याख्यानें देणारा एखादा पंडित आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु जर्मनीमध्यें असा एक तत्त्वज्ञ होऊन गेला, कीं ज्याच्या हातीं लेखणीपूर्वीं आरी आली. त्याचें नांव याकोब ब्योमे. एकदां वर्गांत मीं मुलांस वडिलांचे धंदे विचारीत असतां एका हुशार मुलानें मान खालीं घालून इतक्या हलक्या आवाजांत उत्तर दिलें, कीं मला पुनः विचारावें लागलें. त्या दिवसापासून या पुरुषाचें चरित्र आपणांपुढें ठेवावें, असें माझ्या मनांत घोळत होतें.

ब्योमेचा जन्म इ. स. १५७५ मध्यें ग्योर्लिट्स शहराजवळच्या एका खेड्यांत शेतकऱ्याच्या घरीं झाला. आईबाप लूथरच्या पंथाचे व देवभीरु होते. लहानपणीं तो गुरें राखीत असे. प्रकृति नाजूक असल्यामुळें शेतीचे कष्ट त्यास झेपण्यासारखे नव्हते. म्हणून लिहिण्यावाचण्यापुरतें शिक्षण झाल्यावर त्यास एका मोच्याच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. १५९९ सालीं तो ग्योर्लिट्सचा नागरिक झाला, स्वतःचें दुकान त्यानें थाटलें व एका खाटकाच्या मुलीशीं विवाह केला. त्या दांपत्यास पुढें चार मुलगे झाले.

हात जोडे शिवीत असत. मन मात्र एका कोड्यानें व्याकुळ झालें होतें. आकाश एवढें अफाट, आणि त्यांत मनुष्य किती क्षुद्र! प्रत्येक वस्तूंत बऱ्याबरोबर वाईटहि आहे, आणि दुर्जनांचेंहि सज्जनांप्रमाणेंच बरें चालतें. मग देव कोठें आहे? या विचारानें आपण अत्यंत खिन्न झालों होतों, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. १६०० सालीं एके दिवशीं कथलाच्या भांड्यावर पडलेला सूर्यप्रकाश चकाकतांना त्याच्या दृष्टीस पडला, आणि सर्व वस्तूंचें अंतरंग आपणांस उलगडत आहे, असा त्यास अनुभव आला. हा मनाचा भास तर नव्हे, हें पाहण्यासाठीं तो शहराबाहेर हिरव्या रानांत गेला. पण तो अनुभव ओसरला नाहीं. त्यानें त्याविषयीं कोणापाशीं वाच्यता केली नाहीं. तो घरीं परतला व आपल्या कामास लागला.

बारा वर्षें हें सर्व मनांत मुरल्यावर १६१२ सालीं त्यानें ‘अरुणोदय’ या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहावयास घेतला. विद्वानांची भाषा त्या काळीं लॅटिन होती. ब्योमेनें मातृभाषेंत लिहिलें. त्याच्या विचाराचें सार असें: सर्व वस्तु ‘होय’ आणि ‘नाहीं’ या दोन तत्त्वांनीं घडल्या आहेत. केवळ ‘होय’च असतें, तर त्यास स्वतःची ओळखहि पटली नसती. भर दुपारीं अंगणांत ठेविलेला दिवा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. काळोख पडला म्हणजे त्याची किंमत कळते. अग्नि एकच, पण तोच जाळतो आणि तोच प्रकाश देतो. मनुष्य आपल्या स्वार्थी इच्छेला सर्वांपासून तोडून घेतो, तेव्हां त्याच्या वांट्यास दाह येतो. ती इच्छा तो देवास अर्पण करितो, तेव्हां तोच अग्नि प्रकाश होतो. निवड मनुष्याच्या हातीं आहे.

हा ग्रंथ अपुराच होता. परंतु एका सरदार मित्रानें त्याच्या नकला करविल्या व त्या हातोहात पसरल्या. शहराचे मुख्य धर्मोपदेशक ग्रेगोरियस रिख्टर यांनीं त्याचा कडक निषेध केला. १६१३ सालीं नगरसभेनें ब्योमेस बोलावून हस्तलिखित जप्त केलें व पुढें न लिहिण्याची ताकीद दिली. ब्योमेनें ती निमूटपणें मानली. त्याच वर्षीं त्यानें मोच्याचा धंदा विकला व तो सुताच्या व्यापारांत पडला. पांच वर्षें लेखणी बंद होती. पण आंतील प्रेरणा आणि मित्रांचा आग्रह यांपुढें त्याचें कांहीं चालेना. १६१८ नंतर, म्हणजे जर्मनीस तीस वर्षांच्या युद्धानें ग्रासिलें त्याच काळांत, त्यानें एकामागून एक ग्रंथ लिहिले. १६२४ च्या आरंभीं ‘ख्रिस्ताकडे जाणारा मार्ग’ हें पुस्तक छापून निघतांच पुनः वादळ उठलें व त्यास कांहीं काळ ड्रेस्डेन येथें जाऊन राहावें लागलें. त्याच वर्षीं १७ नोव्हेंबर रोजीं तो आपल्या घरीं मरण पावला. त्याच्या अंत्यविधीसहि धर्मोपदेशक नाखूष होते, आणि थडग्यावरील क्रूसाची लोकांनीं विटंबना केली.

पुढें काय झालें? १६८२ सालीं ॲम्स्टरडॅम येथें त्याचे समग्र ग्रंथ प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषांतरें त्यापूर्वींच झालीं होतीं. हेगेलसारख्या प्रचंड बुद्धीच्या पंडितानें त्यास जर्मन तत्त्वज्ञानाच्या आरंभीं मानाचें स्थान दिलें. आज ग्योर्लिट्स शहरांत त्याचा पुतळा आहे. आणि तो ज्या घरांत राहत असे, तें नदीपलीकडे, १९४५ पासून पोलंडांत गेलेल्या भागांत, जतन केलेलें आहे.

ब्योमेचे ग्रंथ दुर्बोध आहेत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांतील सर्वच मतें ग्राह्य आहेत असेंहि मी म्हणत नाहीं. रिख्टर हे दुष्ट होते असेंहि मला वाटत नाहीं; आपल्या कळपाचें रक्षण करणें हें त्यांचें कर्तव्यच होतें. परंतु मोच्यानें धर्मतत्त्वांविषयीं बोलावें, याचाच त्यांस राग आला, आणि तेथें त्यांची चूक झाली. आम्हां शिक्षकांस हें चरित्र वाचतांना थोडें अंतर्मुख व्हावें लागतें. वर्गाच्या शेवटच्या बांकावरून आलेला विलक्षण प्रश्न आपणहि केवळ विचारणाऱ्याकडे पाहून दडपीत नाहीं ना?

पालकांनीं आपल्या धंद्याची लाज मुलांच्या मनांत शिरूं देऊं नये. आणि मित्रहो, पुढच्या वेळीं वर्गांत वडिलांचा धंदा विचारला, तर मान वर करून, सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगा.